पाठ झालेली जबानी

शनिवार, ९ तारीख

प्रिय ताई,

तुझ्या धाकट्याचा नमस्कार. मी बरा आहे. दुकानात शाळेच्या गणवेशांची घाई आहे, मशीनवरून मान वर काढायला सवड नाही. मालक म्हणतात, "तुझी टीप सरळ, पण चेहरा कायम उसवलेला." हसून घेतो. तुझा गुडघा कसा आहे?

तुझ्या भुंग्याला काल बालगृहात भेटलो. नीट जेवतो. पुन्हा गुणगुणायला लागलाय. आई कधी येणार विचारत होता. कामात आहे म्हणालो.

तक्रार कुणी केली, असं तू शेजारच्या काकूंना विचारलंस म्हणे. ताई, मी केली. सदऱ्याचं माप घेताना पाठीला टेप लागली तर पोर आक्रसलं. मग सदरा वर करून पाहिलं. भाऊजींचा पट्टा मी ओळखतो. आधी तुझ्या कानावर घालायला हवं होतं. पण तू "पडला असेल" म्हणाली असतीस आणि मी ऐकलं असतं.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. कुलूप लावून चारदा ओढून बघणारा मी. बालकल्याण समितीपुढे पोर अडखळू नये म्हणून भेटीला गेलो की त्याच्याकडून सगळं वदवून घ्यायचो. आधी काय झालं, मग काय, पट्टा कुठल्या हातात होता. चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

बुधवारी मला मागच्या खुर्चीवर बसू दिलं होतं. भुंग्याने कवितेसारखं घडाघडा म्हणून दाखवलं आणि शेवटी माझ्याकडे वळून विचारलं, "मामा, बरोबर आलं ना?"

भाऊजींचे वकील म्हणाले, "मामांची शिकवणी उत्तम आहे."

बाहेर चौकशी अधिकारी बाईंनी मला बाजूला घेतलं. "अहो, मुलाला एकदाच विचारायचं असतं, तेही आम्ही. आता त्याचं खरंसुद्धा तुमचं वाटतंय." त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. डॉक्टरांनीही व्रण कशाचे ते नक्की सांगता येत नाही, असंच लिहिलंय. मंगळवारी निर्णय आहे. दुसरं कुणी बोललं नाही तर त्याला घरी पाठवतील.

ताई, भाऊजी त्याला मारत होते त्या वेळी स्वयंपाकघराचं दार तू आतून लावून घेतलंस, हेही भुंग्याने मला सांगितलं होतं. तेवढं मी त्याच्याकडून म्हणवून घेतलं नाही. उलट म्हणालो, हे कुणाला सांगू नकोस. म्हणजे मारलेलं पाठ करायला लावलं आणि हे गिळायला लावलं. दोन्ही मीच.

तू का लावलंस, ते मी विचारत नाही. तूही त्यांना भितेस, हे मी पाहिलंय. दाराआडून जे ऐकलंस तेवढंच बाईंना सांग. माझ्या तोंडून ते गेलं तर कुणी खरं धरणार नाही. नंतर घरी जायचं नसेल तर माझ्या खोलीत जागा आहे, मी दुकानात झोपेन.

मंगळवारी सकाळी समितीच्या जिन्याशी उभा असेन. तू आली नाहीस तर आत जाऊन दाराचं मी सांगणार आहे, कुणी खरं धरो न धरो. मग तू मला भाऊ म्हटलं नाहीस तरी चालेल.

तुझा भाऊ,
पण आधी त्याचा मामा