नागुबाईचं तोंड

८ जानेवारी २०२४, सोमवार

निपाणीत पोचले. कोल्हापूरहून एसटीनं तासाभराचा रस्ता, मध्ये उसाच्या ट्रॅक्टरांमागं थोडा खोळंबा. खाली पाय ठेवताच लागोपाठ तीन शिंका आल्या. हवेत तंबाखूचा झोंबरा खाट आहे. रिक्षावाला हसून म्हणाला, नवीन दिसता. मी म्हटलं, नवीन नाही रे बाबा, पन्नास वर्षांनी आलेली जुनी आहे.

घर छान आहे. दोन खोल्या, वर कौलं, पुढं चार हात अंगण, मागं एका बंद पडलेल्या वखारीची भिंत. मंगल शेजारच्याच दारात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. हात न थांबवता म्हणाली, आलासा व्हय बाई, लई वाट बघाय लावलासा. ही नागुबाईची भाचेसून. घर नागुबाईचं. सात वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हापासून बंद होतं.

चाळीस वर्षं पुण्याच्या शाळेत मुलींना सफरचंद आणि सुरई काढायला शिकवलं. स्वतःचं चित्र मात्र कुठंतरी राहून गेलं. निवृत्तीनंतर रंग उघडून बसले की हात जड होत. माझी जुनी विद्यार्थिनी रचना बेळगावात चित्रांचा एक छोटा हॉल चालवते. ती म्हणाली, मॅडम, ट्यूबचे रंग सोडून द्या. जिथं वाढलात तिथं जा, तिथल्या वस्तूंनी काढा. मार्चमध्ये भिंत तुमची.

रचनाला खरं कारण सांगितलेलं नाही. मला नागुबाईचा चेहरा काढायचा आहे. माझी आई अंथरुणाला खिळलेली, वडील दिवसभर पेढीवर. मला न्हाऊमाखू घातलं ते नागुबाईनं. तिचा एकही फोटो नाही. मंगलनं आधार कार्डाची झेरॉक्स शोधून दिली. तिच्यात चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग आहे.

११ जानेवारी, गुरुवार

दोन दिवस खेळल्यासारखे गेले. चहाचं पाणी, हळद, झेंडू, विडीच्या पानांचा काढा, सगळं कागदावर लावून पाहिलं. हिरवट, पिवळट, बरं. पण त्वचेचा रंग यात कुठंच नाही.

आज कोनाडा पुसताना आतल्या बाजूला ॲल्युमिनियमची डबी मिळाली. झाकणावर वर्षानुवर्षं अंगठा टेकून खळगा पडलेला. आत मिश्री! तव्यावर भाजून कुटलेली तंबाखू. वास आला आणि मी एकदम परकरातली पोर झाले. नागुबाई सकाळी परसात उकिडवी बसून बोटानं दातांवर मिश्री फिरवायची, माझी वेणी घालतानाही गालात धरून असायची.

आणि रंग! आईबाबांच्या लग्नाच्या फोटोत आहे तो. करडा नाही, काळा नाही, मधलाच कुठलातरी मायाळू तपकिरी. पण पाण्यात मिश्री तरंगत राहिली. डिंकात कालवली तर वाळल्यावर पापुद्रे सुटले. मंगलला सांगितलं तर ती खो खो हसली. म्हणाली, बाई, हितनं तिथनं साऱ्या बाया ह्यानं दात घासत्यात आन् तुमी भिंतीला लावाय निघालासा. मग सहज सांगितलं, तोंडच्या पाण्याबिगर मिश्री उतरतच न्हाय. आदी तोंडात धरा, मग थुका.

मी हसून विषय बदलला.

१३ जानेवारी, शनिवार

केलं. कुणी पाहत नव्हतं.

बोट ओलं करून डबीत बुडवलं, हिरड्यांवर फिरवलं. चर्रर्र झालं. डोकं गरगरलं, उचकी लागली, आणि मग तोंड भरून पाणी सुटलं. मला वाटलं नव्हतं माणसाच्या तोंडात इतकं पाणी असतं. डोळे मिटून वाडग्यात थुंकले. ओठापासून वाडग्यापर्यंत एक तार लोंबत राहिली, ती बोटानं तोडावी लागली.

कॉन्व्हेंटमध्ये रोज सकाळी सिस्टर आम्हाला रांगेत उभं करून दात आणि रुमाल तपासत. त्यांनी मला आज पाहिलं असतं तर!

पण ब्रश लावला आणि सगळं विसरले. रंग रेशमासारखा सरकला. कागदात मुरला, कडेला गडद झाला, मध्ये उजळ राहिला. वीस वर्षांत असा हात चालला नव्हता. तासाभरात कपाळ आलं, हिरवं गोंदण आलं. चार वेळा दात घासले. संध्याकाळी पुन्हा डबी उघडली.

१५ जानेवारी, सोमवार. संक्रांत

मंगलनं तीळगूळ आणून दिला. इतके दिवस लिहायचं टाळलं ते आज लिहिते.

मी दहा वर्षांची होते. बेळगावला बोर्डिंगमध्ये घातलं त्याला सहा महिने झाले होते. संक्रांतीनंतर नागुबाई एकटी एसटीनं मला भेटायला आली. हिरवं इरकली लुगडं, हातात तिळाच्या वड्यांचा डबा. व्हरांड्यात सगळ्या मुलींसमोर तिनं मला पोटाशी धरलं, बाय माझी, वाळलीस गं, म्हणाली आणि गालाचा मुका घेतला. ओला, मिश्रीचा. गालावरून तपकिरी ओघळ आला. मुली फिस्सकन हसल्या. मी रुमाल काढला, पांढरा, कोपऱ्यात निळ्या दोऱ्यानं 'माधवी' भरलेला. गाल पुसला आणि तो रुमाल तिच्यासमोर कचऱ्याच्या बादलीत टाकला. सिस्टरनी विचारलं, कोण आल्या आहेत? मी इंग्रजीत सांगितलं, आमची मोलकरीण.

नागुबाईला इंग्रजी येत नव्हतं. पण तिनं तोंडावर पदर घेतला. त्यानंतर सुट्टीत घरी गेले तरी माझ्यासमोर तिनं तो पदर कधी काढला नाही.

आज डोळे झाले. मंगल दारातून म्हणाली, आगं आई, मावशीच बघाय लागल्या. नाकही झालं. त्याखाली ब्रश थांबला. मला तिचं तोंड आठवत नाही. आठवेल कसं? पदर नव्हता तेव्हाही ती जवळ आली की मी मान वळवायची. मी ते कधी पाहिलंच नाही.

तोंड काढायचं आहे. तेवढं जमलं की क्षमा मागितल्यासारखं होईल.

१८ जानेवारी, गुरुवार

दुपारी जेवून आले तर चित्रातली ती कोरी जागा ओली होती. वाडगा सांडला म्हणावं तर तो पालथा घालून ठेवलेला. बोट लावलं. कोमट, चिकट. मिश्रीचा वास आणि त्याखाली दुसरा एक, फुलदाणीत चार दिवस पाणी तसंच राहिलं की येतो तो.

भिंतीतून मुंग्यांची रांग कागदापर्यंत आली आहे. जातात, परत येत नाहीत.

आणखी एक. मी रोज चार-पाच चिमटी मिश्री घेते. डबी अजून काठोकाठ आहे. मंगलला विचारलं. ती म्हणाली, आमी कशाला भरतो, हात बी लावला न्हाय.

२० जानेवारी, शनिवार

हिरड्यांतून रक्त आलं म्हणून डॉक्टरकडं गेले. त्यानं बॅटरी मारून पाहिलं आणि किती वर्षं मिश्री लावता असं विचारलं. मी म्हटलं, सात दिवस. तो हसला. बाई, खरं सांगा, असं सगळ्याच म्हणतात, म्हणाला. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा आहे. बेळगावला जाऊन दाखवा म्हणाला.

घरी आले. चित्रातल्या ओल्या जागेतून लाळ गळत होती. टेबलाच्या कडेवरून तार लोंबत होती, तुटत नव्हती. मी खाली वाडगा धरला.

पुढचं लिहायला लाज वाटते. त्याच रंगानं मी हनुवटी केली. इतका सुंदर रंग माझ्या तोंडातून कधी निघाला नाही.

२३ जानेवारी, मंगळवार

मंगलला विचारलं, नागुबाई कशानं गेली. ती विडीचा दोरा दातांनी तोडत म्हणाली, गालानं. डाव्या गालात गाठ आली, फुटली, आरपार भोक पडलं. पाणी पाजलं तर गालातनं भाईर यायचं. वास तर असा, की माणसं अंगणात उभी राहून बोलायची. मावशी कुणाची चिंधी घेत नव्हत्या, एकच रुमाल गालाला धरायच्या.

मग ती उठली आणि ट्रंकेतून एक पुडकं घेऊन आली. म्हणाली, ह्यो तुमचा न्हवं? बायनं दिल्ता म्हनायच्या.

रुमाल पापडासारखा कडक झाला होता. तपकिरी, पिवळा, तपकिरी. कोपऱ्यात निळा दोरा. माधवी.

तिनं तो बादलीतून उचलला होता. मी दिला होता म्हणे.

मी डबीबद्दल विचारलं. मंगल म्हणाली, व्हय की, शेवटची डबी तीच. दुखत हुतं तरी सोडली न्हाय. जखमंवर बोट फिरवायच्या, तेच बोट पुन्यांदा डबीत.

परसात जाऊन ओकले. पोटात काही उरलं नाही तरी उमासे येत राहिले. तोंड धुतलं, मिठानं, साबणानं. चव जात नाही. सगळ्यात वाईट हे की तोंडाला पाणी सुटलं आहे. मला डबी हवी आहे.

२५ जानेवारी, गुरुवार

तीन दिवसांत ब्रश धरला नाही. चित्र पुरं होत आलं आहे.

ओठ आले आहेत. मी काढलेले नाहीत. मंगल आत आली, नाकाला पदर लावूनच, आणि बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, डोळं मावशीचं हाईत, पर तोंड तुमचं काढलासा बाई. असं कशापायी?

आरशात पाहिलं. माझे ओठ बारीक झाले आहेत. पेन्सिलीची रेघ खोडरबरानं पुसावी तसे, कडा फिकट.

समोरचा दात जेवताना पडला. भाताबरोबर गिळला की काय कळलं नाही. संध्याकाळी चित्रात पाहिला. जिवणीच्या आत, काळा. माझाच, टोकाला टवका उडालेला.

२७ जानेवारी, शनिवार

निघाले होते. बॅग भरली, चित्राकडं पाठ केली, बाराची कोल्हापूरची गाडी धरली. मंगल म्हणाली, जावा बाई, आदी दवाखाना बघा.

गाडीत पाणी प्यायले. ते गालातून बाहेर आलं. गळ्यावरून पदरात. शेजारची बाई सरकून बसली, नाक दाबलं. पुढच्या बाकावर मागं वळून बसलेली एक शाळकरी मुलगी होती, पांढरे मोजे, दोन वेण्या. गाडी उसळली आणि माझ्या गालातला थेंब तिच्या हातावर पडला. तपकिरी. तिनं रुमाल काढला. हात पुसला. माझ्याकडं बघत रुमाल खिडकीबाहेर टाकला.

मी तोंडावर पदर घेतला.

हायवेवरच उतरले. चालत परत आले. कुठं जाणार, असं तोंड घेऊन?

२८ जानेवारी

बोलता येत नाही. मंगलनं दारातून हाका मारल्या. ओ देता आली नाही. आत जीभ कुठं संपते, कळत नाही. पेज दिली, ती गालातून गेली. माश्या — हाकलल्या तरी बसतात, आत जातात.

डबी काठोकाठ.

चित्र चघळतं. दिवसाउजेडी. कागद हलतो, गाल फुगतो, बसतो. पचक. टेबलावर थुंकतं आणि थांबतं, मी वाडगा धरेपर्यंत —

आज वाडगा उष्टावला. मी. स्वतःहून. कोमट होता.

२९ जानेवारी

तोंड पुरं झालं. पाहिलं. पहिल्यांदा मान न वळवता. काळे दात, त्यात माझे चार. डाव्या गालाला भोक, त्यातून जीभ दिसते. हसतं. किती साधं हसतं —

गाल पुढं केला. पुसणार नाही, असा शब्द दिला तिला. मनात. तोंड नाही ना आता —

ओठ टेकले. गरम. ओले. वास — असू दे. असू दे —

सुटत नाहीत. ओढतात. चोखतात. गाल आत जातो आहे, दाढा —

बाय माझी, वाळलीस गं — कोण बोललं, माझ्या घशातून कोण —

खूप ओघळतं. मानेवर. वहीवर. थोडंसंच पुसते. एकदाच. रुमाल कुठं