आईनं घेतलेलं नाव

तीर्थरूप आबा, शेफाली लांबूनच तुमच्या पायावर डोकं ठेवते.

मी बरी हाय, येळेवर जेवते. माऊलीदादा म्हणाला, आई गेल्यापासून तुमी अर्धीच भाकरी खाता. खरं का? मला दहाव्यालाबी येता आलं न्हाई. फोनवर रडू फुटतं, म्हणून लिहिते.

हितं मेलबर्नात आमचा पॉडकास्ट नाना देशांची माणसं ऐकतात. दर भागात एक आई आपल्या भाषेत घरचं सांगते, मागनं आमी त्याचं इंग्रजी करतो. दिवाळीत आईचं बोलणं म्या फोनवरच रेकॉर्ड केलं होतं. तो भाग काल लागला. एका सोमाली बाईनं लिहिलंय, आवाज ऐकून तिला तिची आई आठवली.

आबा, आईनं जलमभर तुमाला "अवं"च म्हटलं. लग्नातबी लाजून उखाणा घेतला न्हाई, हे तुमीच सांगायचा. पण परक्या लोकांना तुमी कोण ते कळावं, म्हणून ती हसत म्हणाली, "आमच्या मालकांचं नाव गेनू."

साऱ्या मुलखानं ऐकलं, तुमीच तेवढे राहिलात. दादाच्या मोबाईलवर धाडलंय. आधी पुरती भाकरी खा, मग ऐका.

तुमची अन् तिची,
शेफाली