भिंतीपलीकडचा गारवा

माय,

तू स्वयंपाक करायचीस त्या डाळ मिलच्या कॅन्टीनची मागची भिंत या मे महिन्यात गार होती. गार म्हणजे जळगावच्या मानाने; हात लावला तर चटका बसत नव्हता, एवढंच. मी मुद्दाम लावून पाहिला. तू असतीस तर ओरडली असतीस, "भिंतीले काय हात लावस, कामधंदा नही का तुले?" तू जाऊन कितीतरी उन्हाळे झाले. पण ही गोष्ट तुला कुणीतरी सांगायला हवी, आणि सांगणारं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

त्या भिंतीपलीकडे अरुंद बोळ, आणि बोळापलीकडे मिलची सर्व्हर रूम होती. कुठल्या डेपोत किती तूरडाळ, कुणाचं बिल, कुणाचा पगार, सगळं त्या खोलीतल्या मशिनींमध्ये. त्या तापू नयेत म्हणून आत दोन एसी रात्रंदिवस चालायचे, आणि त्यांचे बाहेरचे डबे टांगलेले होते बोळात, थेट तुझ्या कॅन्टीनच्या खिडकीसमोर. खोलीतली सगळी गरमी ओढून काढायची आणि तुझ्या तोंडावर सोडायची, हे त्यांचं काम. शाळा सुटली की मी कॅन्टीनमध्येच यायचे, पिठाच्या डब्यावर बसायचे. तू बट्ट्या तळायचीस, पुढून भट्टी, मागून ती झळ, आणि पदराने घाम पुसत म्हणायचीस, "आठे नको बसू, भाजाई जाशी." मग मी सर्व्हर रूमच्या दाराशी जाऊन उभी राहायचे. दाराखालच्या फटीतून पावलांवर गार वारा यायचा. लोक म्हणतात, हिला लहानपणापासून कॉम्प्युटरचं वेड. कसलं वेड, मला तो वारा हवा असायचा.

एका उन्हाळ्यात तू वैतागलीस. गोण्या भिजवल्यास आणि त्या डब्यांवर टाकल्यास, आपण घरी खिडकीला टाकायचो तशा. तुला वाटलं, आता गार वारा येईल. डबे कोंडले, खोली तापली, मशिनी बंद पडल्या. बिलं निघेनात, भरलेले ट्रक फाटकात उभे. मिलचे मालक, साहेब, स्वतः कॅन्टीनमध्ये आले आणि सगळ्या हमालांसमोर म्हणाले, "बाई, मशीनला गरमी चालत नाही, एवढंही कळत नाही का?" तू पदर सावरलास आणि म्हणालीस, "साहेब, माले बी चालत नही." हमाल हसले. साहेबही हसले. मला वाटलं, आता काहीतरी होईल. दुसऱ्या दिवशी डब्यांभोवती जाळी बसली आणि जाळीला कुलूप लागलं.

त्यानंतरच्या एका मे महिन्यात तू भट्टीपाशीच कोसळलीस. मी तेव्हा धुळ्याला, देवपूरच्या कॉलेजात होते. पोहोचले तेव्हा तुझं कपाळ अजून तापलेलं होतं. कागदावर हृदयविकार लिहिलं गेलं, मिलने हार पाठवला आणि हात झटकले. मला अजून राग येतो, माय. त्याच मिलने पुढे मला कॉम्प्युटरच्या कामावर घेतलं आणि मी गेले, याचा तर जास्तच येतो. पोटासाठी गेले. थोडी त्या भिंतीसाठीही गेले असेन.

मग परदेशातले डाळ घेणारे विचारू लागले, तुमची मिल वीज किती जाळते, डिझेल किती जाळते, लिहून द्या. साहेबांची पळापळ झाली. मी म्हटलं, ही खोलीच बंद करू, सगळं क्लाउडवर नेऊ. तुला कळेल असं सांगते. भाकरी दोनच थापायच्या आणि चूल मात्र चोवीस तास पेटती ठेवायची, असं आमचं चाललं होतं. रात्री काम नसलं तरी मशिनी वीज पीत बसायच्या, लाइट गेली की त्यांच्यासाठी जनरेटर धडधडायचा. क्लाउड म्हणजे लग्नघरची मोठी भट्टी. दूर कुठेतरी एकच जागा, असंख्य कंपन्यांचं काम तिथे, मशिनी रिकाम्या बसत नाहीत, कमी विजेत सगळ्यांचं भागतं, आणि त्यातली बरीच वीज ऊन-वाऱ्यावर तयार होते. तू लगेच विचारशील, "आनि त्या भट्टीजोडे कोन उभं ऱ्हास?" मला माहीत नाही. गरमी कमी झाली हे खरं, पण उरलेली कुठेतरी गेलीच असणार. तिथेही कुणाची खिडकी असेल, असं मनात येतं आणि मी दुसऱ्या कामाला लागते.

काम संपायला हिवाळा गेला. जनरेटर गप्प झाला, जाळी निघाली, डबे उतरले. तुझ्या जागी आता नशिराबादची एक अक्का आहे. मे महिन्यात भाजी ढवळता ढवळता ती मला म्हणाली, "ताई, यंदा ऊन कमी शे ना?" ऊन तेवढंच होतं, कदाचित जास्तच. मी हो म्हटलं आणि बोळात जाऊन रडले.

आणि गेल्या आठवड्यात साहेबांचा मुलगा, आता तोच साहेब, म्हणाला, रिकाम्या खोलीत पाहुण्यांसाठी मीटिंग हॉल करू. जुने एसी पडूनच आहेत, तेच बसवा. बाहेरचे डबे बोळात, पाइपाची भोकं आयती आहेत. सगळं सांगून टाकावं असं वाटलं, तुझं तापलेलं कपाळसुद्धा. बोलले ते वेगळंच. "सर, ते एसी वीज फार खातात. परदेशी पाहुण्यांना द्यायचा आपला विजेचा आकडा बिघडेल." त्याने मोबाइलवरून मान वर केली. "असं का? मग राहू दे, पंखे लावा." हातातला चहा संपायच्या आत निकाल लागला. सगळे म्हणाले, मॅडमनी चांगला मुद्दा काढला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. तुझं नाव माझ्या तोंडाशी आलं होतं आणि मी ते गिळलं. तू बोललीस तेव्हा ते हसले आणि जाळीला कुलूप लागलं; तुझं नाव घेतलं असतं, तर डबे पुन्हा तिथेच लागले असते.