अर्जदार अठरा वर्षांच्या पुढे सरकत नसल्याबाबत

प्रति,
मा. निवड अधिकारी (वैमानिक भरती),
सवलत व वयपडताळणी शाखा,
हवाई दल भरती कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताला.

विषय: अर्जदारास मिळालेली वयाची सवलत एका वर्षाने कमी करून मिळणेबाबत.

संदर्भ: १) आपल्या कार्यालयाचे गेल्या वर्षीचे पत्र, "वय कमी भरते".
२) आपल्याच कार्यालयाचे यंदाचे पत्र, "वय अद्यापही कमी भरते".
३) अपत्याच्या वयाबाबत खुलासा मागणारे स्मरणपत्र.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर अर्जदार हवाई दलाच्या तळावर विमान-यांत्रिक म्हणून नोकरीस असून तिचे वय चौतीस वर्षे आहे. या वाक्यावरच आपल्या शाखेत पहिली हरकत निघेल याची तिला कल्पना आहे, कारण आपल्या नोंदीप्रमाणे तिचे वय अठरा आहे. दोन्ही वये एकाच बाईची आहेत आणि दोन्ही आपल्याच नियमांनी खरी ठरतात. त्यामुळे अर्ज थोडा लांबला आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

२. यापूर्वीचा एक अर्ज त्यात जागोजागी 'मी' आल्यामुळे परत आला होता. इथे 'मी' चालत नाही, 'अर्जदार' लिहायचे असते, असे खिडकीवरच्या कारकून साहेबांनी समजावून सांगितले. त्यांच्या सूचनेप्रमाणे या अर्जात तशी दुरुस्ती केली आहे.

३. अर्जदाराच्या कामाचे स्वरूप असे. वैमानिक आसनावर बसला की शिडीवर उभे राहून त्याचे खांद्याचे आणि कमरेचे पट्टे आवळायचे. आसन जमिनीवर चुकून उडू नये म्हणून त्यात घातलेल्या लाल फितीच्या सुरक्षा-पिना काढून त्याच्या डोळ्यांसमोर धरायच्या. त्याने पाहून मान हलवली की खाली उतरायचे आणि शिडी बाजूला घ्यायची. विमान परत येईपर्यंत त्या पिना आपल्या खिशातच ठेवायच्या, टेबलावर किंवा पेटीत ठेवायच्या नाहीत, असा तळावरचा रिवाज आहे. असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडलेला अर्जदाराने आजवर पाहिला नाही. जेवायला बसले तरी खिशावर एक हात असतो. इतकी वर्षे दुसऱ्यांचे पट्टे आवळून झाल्यावर एकदा तरी आपले पट्टे कुणीतरी आवळावेत आणि आपल्या पिना कुणाच्या तरी खिशात असाव्यात, अशी अर्जदाराची इच्छा आहे. तिला वैमानिक व्हायचे आहे, बाकी काही नको आहे.

४. वैमानिक प्रशिक्षणासाठी उमेदवाराचे वय एकोणीसपेक्षा कमी आणि सव्वीसपेक्षा जास्त नसावे, हा जुना नियम आहे. त्यामुळे तळावर राबणाऱ्या माणसांना ही वाट बंदच होती. दोन वर्षांपूर्वी आपल्या कार्यालयाने ती उघडली: सेवेत जितकी वर्षे झाली तितकी वयातून वजा करावीत आणि उरेल ते वय सर्व प्रयोजनांसाठी खरे मानावे. परिपत्रक सूचनाफलकावर लागले त्या दिवशी अर्जदाराने ते वाचले, ती दोन पावले पुढे जाऊन परत फिरली आणि तिने ते पुन्हा वाचले. त्यानंतर ती लेखी परीक्षा, कल चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी या सर्वांत उत्तीर्ण झाली. उरली होती ती फक्त वयपडताळणी, आणि तिथेच माशी शिंकली.

५. झाले असे की, अर्जदाराला विमानांचे इतके वेड होते की अठरा पूर्ण होताच ती भरती झाली. आता चौतीसमधून सेवेची सोळा वर्षे वजा केली की अठरा उरतात. गेल्या वर्षी तेहतीसमधून पंधरा वजा केली तेव्हाही अठराच उरली होती. त्या वेळी आपल्या पत्रात लिहिले होते की वय किमान मर्यादेपेक्षा कमी आहे, तरी उमेदवाराने पुढील वर्षी वय पूर्ण झाल्यावर पुन्हा अर्ज करावा. अर्जदाराने वर्षभर कळ काढली, सर्व परीक्षा पहिल्यापासून पुन्हा दिल्या आणि यंदाही ती अठराच भरली. ती जोवर नोकरीत आहे तोवर तिचे वय आणि तिची सेवा हातात हात घालून वाढणार आणि उत्तर तेच येणार. नोकरी सोडली तर वय पुढे सरकेल, पण मग सवलतही जाईल आणि ती एका दिवसात चौतीसची होईल. कारकून साहेबांनी हे बोटांवर मोजून पाहिले, पुन्हा मोजले, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही इतक्या लवकर यायलाच नको होतं." एवढ्या मोठ्या कार्यालयात अर्जदाराची अडचण कळलेला हा एकच माणूस, आणि त्याच्या हातात फक्त शिक्का आहे.

६. याउलट, अर्जदाराच्या हाताखाली काम शिकलेला एक सहकारी विशीत निवांत भरती झाला होता. त्याचे वय वजाबाकीनंतर वीस भरले आणि त्याची निवड झाली. तो गुणी आहे, त्याच्याबद्दल काहीही तक्रार नाही. मात्र गेल्या आठवड्यात तो प्रशिक्षणार्थी म्हणून याच तळावर आला आणि त्याचे पट्टे आवळण्याची पाळी अर्जदारावर आली. तिने ते नेहमीसारखेच आवळले. पिना समोर धरल्या तेव्हा त्याने त्या पाहिल्या, मान हलवली, पण तिच्याकडे पाहिले नाही. विमान गेले. अर्जदार पिना खिशात घालून उभी राहिली आणि तिला रडू आले. ही बाब नियमात बसत नाही, तरी घडली म्हणून नमूद केली आहे.

७. संदर्भ तीनमधील स्मरणपत्राबाबत. त्यात असे विचारले आहे की, अर्जदाराचे वय अठरा आणि अपत्याचे वय नऊ, हे कसे, याचा लेखी खुलासा करावा. खुलासा असा की, अर्जदाराची मुलगी अर्जदार पंचवीस वर्षांची असताना झाली. त्या वेळी कोणतीही वजाबाकी लागू नव्हती. हा खुलासा तोंडी दिला असता, मुलीच्या वयातूनही काही वजा होऊ शकेल का, अशी पृच्छा शेजारच्या टेबलावरून झाली. मुलगी कोणत्याही सेवेत नाही. तिला ते स्मरणपत्र वाचून दाखवले तेव्हा तिने आता आईने तिच्याबरोबर शाळेत यावे असे सुचवले आणि अर्जदाराचे यजमान तोंडावर हात ठेवून बाहेर गेले.

८. तळावरही ही गोष्ट षट्कर्णी झाली आहे. कालपर्यंत सगळे अर्जदाराला 'ताई' म्हणत, आता 'छोटी' म्हणतात. उपाहारगृहात तिच्यापुढे चहाऐवजी दूध येते. तळाच्या फाटकावरचा पहारेकरी पालकांची चिठ्ठी मागतो. अर्जदाराने सुरुवातीला हसून घेतले, मग हसणे कमी केले, आणि आता ती दूध मुकाट्याने पिते. तिला राग थट्टेचा नाही. तळावरच्या डॉक्टर बाईंनी डोळे तपासून जे सांगितले त्याची तिला धास्ती आहे. डोळे आज पात्रतेच्या काठावर आहेत, पुढच्या तपासणीत चष्मा लागेल, आणि चष्मा लागला की वैमानिकाचे नाव काढायचे नाही. म्हणजे कागदावरचे वय जागचे हलत नाही आणि डोळ्यांचे थांबत नाही. यंदा निवड झाली नाही तर पुढे अर्ज करण्यात काही अर्थ उरणार नाही.

९. अर्जदाराने स्वस्थ न बसता पुढीलप्रमाणे प्रयत्न केले. सवलत थोडी कमी द्यावी अशी विनंती केली, तेव्हा सवलत ही पूर्ण असते किंवा नसते, तिचे तुकडे पडत नाहीत, असे उत्तर आले. मग किमान वयातच सूट मागितली. त्यावर कळवण्यात आले की, सूट देण्याचे अधिकार वय जास्त असणाऱ्यांपुरते आहेत, वय कमी असणाऱ्यांनी वाट पाहायची असते. आपले वय जास्तच आहे, असे अर्जदाराने निदर्शनास आणले. तेव्हा त्यासाठीची सूट तिला अगोदरच दिलेली आहे आणि तिच्यामुळेच वय कमी झाले आहे, असे सांगून खिडकी जेवणाच्या सुट्टीसाठी बंद करण्यात आली. शेवटी तळावरच्या वरिष्ठ यांत्रिकांनी, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात, तिला वर्षभर निलंबित करून सेवा कमी करण्याचा बेत मांडला. ते थट्टेत बोलत होते. अर्जदाराने मात्र कोणता गुन्हा करता येईल याचा मनापासून विचार केला आणि तिचे तिलाच वाईट वाटले. शिवाय डाग लागलेला माणूस वैमानिक होत नाही.

१०. यानंतर सेवापुस्तक चाळताना एक बाब अर्जदाराच्या लक्षात आली आणि तीच या अर्जाचा आधार आहे. सात वर्षांपूर्वी अर्जदाराच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. घरात करणारे दुसरे कुणी नव्हते. अर्जदाराने एक वर्ष विनावेतन असाधारण रजा घेतली. त्या वर्षी तिने आईला भरवले, न्हाऊ घातले, एकेक शब्द बोलायला शिकवले. खुर्चीतून आई पुढे कलंडू नये म्हणून रोज सकाळी तिला कमरेशी आणि खांद्याशी पट्टे बांधले, आणि आवळताना, फार घट्ट नाहीत ना, असे विचारले. आई उत्तर म्हणून मान हलवायची. नियमाप्रमाणे असे वर्ष सेवेत धरले जात नाही. परंतु त्या वेळचे तळप्रमुख दयाळू होते. अर्जदाराने न मागता त्यांनी विशेष बाब म्हणून सेवाखंड क्षमापित केला आणि ते वर्ष सेवेत जमा झाले. आयुष्यात एवढी एकच सवलत अर्जदाराला विनासायास मिळाली, आणि आज तीच आडवी आली आहे.

११. तो आदेश रद्द झाल्यास अर्जदाराची सेवा पंधरा वर्षे होईल आणि वय एकोणीस भरेल. तिची ज्येष्ठता एका वर्षाने खाली जाईल, ते तिला मान्य आहे. तरीही हात अडखळत होता. कुणी आपल्या आईच्या दुखण्यावर दया दाखवली असेल तर ती परत करणे कृतघ्नपणाचे वाटत होते, आणि आईसाठी दिलेले वर्ष स्वतःसाठी वापरणे त्याहून वाईट वाटत होते. म्हणून तिने आईलाच विचारले. आई आता सावकाश बोलते, एकेक शब्द शोधून. ती म्हणाली, "ते वर्ष तू माझ्यापाशी होतीस. नोकरीत कुठे होतीस? खरं आहे तेच लिही की."

१२. सबब, नम्र विनंती की, सेवाखंड क्षमापित केल्याचा सदर आदेश रद्द करण्यात यावा. त्या वर्षी अर्जदाराने एकाही विमानाला हात लावला नाही, एकही पिन खिशात ठेवली नाही. ते वर्ष सेवेत धरू नये, ते तिच्या वयात धरावे. अर्जात 'मी' चालत नाही हे तिला ठाऊक आहे, तरी एका वाक्यापुरती तेवढी सूट असावी: महोदय, त्या वर्षी मी खरोखरच मोठी झाले.

आपली, दोन्ही वयांनी नम्र,

(सही)
अर्जदार, विमान-यांत्रिक

दिनांक: आवक कक्ष घालील तो. डोळ्यांच्या तपासणीच्या आत घालावा, ही विनंती.

सोबत:
१) जन्मदाखल्याची प्रत.
२) सेवाखंड क्षमापित केल्याच्या आदेशाची प्रत, आभारासह परत.
३) मुलीच्या वयाचा खुलासा.
४) आईचे संमतिपत्र. उजवा हात अजून चालत नसल्याने सही डाव्या हाताने केली आहे. वाचता न आल्यास अर्जदार समक्ष येऊन वाचून दाखवेल.