सामाईक ते एकाच जागी ठेवावे

मी, सुहासिनी श्रीधर खांबेटे, वय ७१, राहणार प्राधिकरण, निगडी, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. शरीर थकले आहे, बुद्धी शाबूत आहे. डॉ. सुखदा मोघे यांनी तसा दाखला दिला आहे.

१. राहता फ्लॅट धाकटी बहीण दुर्गाबाई हिला मिळावा. मी कंपनीत गुंतलेली असताना घर तिनेच सांभाळले. तो विकण्याचा सल्ला तिला कोणी देऊ नये.

२. ठेवी व दागिने भाची निशिगंधाला. दागिने मोडले तरी हरकत नाही; मलाही ते कधी आवडले नाहीत.

३. आमचा एम्युलेटर. जुन्या लेथचा कंट्रोल बोर्ड बिघडला की त्यातला प्रोसेसर आता मिळत नाही. आमचा प्रोग्रॅम साध्या संगणकावर त्याची हुबेहूब नक्कल करतो आणि मशीन पुन्हा चालते. भागीदार सुरेंद्र तापकीर प्रत्येक नव्या प्रोसेसरसाठी जुन्या प्रोग्रॅमची प्रत काढून ती थोडी बदलत. त्यामुळे वेळ मोजणारा तोच भाग जागोजागी पडला होता. त्यातली चूक एका प्रतीत दुरुस्त झाली, बाकीच्यांत तशीच राहिली.

अशीच एक प्रत भोसरीला अर्जुनराव लांडे यांच्या वर्कशॉपमध्ये चालू होती. तिथे ऑपरेटर कस्तुरा जॉब, म्हणजे कातून झालेला भाग, काढायला हात घालत होती, तोच थांबलेला लेथ वेळेआधी फिरू लागला. अर्जुनरावांनी तिला मागे ओढून लाल बटण दाबले. मी धावत पोचले, तर तीच मला धीर देत होती, "बाई, बोटं हायेत समदी, बगा."

सगळे सामाईक एका जागी आणायचे मी ठरवले. सुरेंद्र चिडले. "चाललेलं कशाला मोडतेस?"

"पुढची चूक किती प्रतींत शोधायची, ते सांग."

बरेच दिवस गेले. मग तेच माझ्या टेबलाशी येऊन बसले. "करू या. पण मशीनकडून आलेली हाक, म्हणजे 'हातातलं थांबव, आधी इकडे बघ' हा इशारा, प्रत्येक प्रोसेसर आपल्या रीतीने घेतो. तेवढं एकत्र करू नकोस. दिसतं सारखं, आहे वेगळं."

त्यांचे बरोबर होते. तो भाग आम्ही ज्याचा त्याच्याकडे ठेवला. या हट्टाबद्दल त्यांचे आभार तोंडावर मानायचे राहिले. इथे मनापासून मानते.

एम्युलेटरमधील माझा हक्क सहकारी विजयश्री लोंढे व धम्मरत्न भालेराव यांना सामाईक द्यावा. अट एकच: नवा प्रोसेसर जोडताना जुन्याची प्रत काढू नये. धम्मरत्न, घाई असली तरीही.

४. विजेचे तरंग पडद्यावर दाखवणारा माझा ऑसिलोस्कोप सुरेंद्र यांना. नाहीतरी ते न विचारताच नेतात.

५. कस्तुराने पुढे मला एक गोधडी शिवून दिली. टाके बारीक, एकसारखे. शेवटच्या प्रवासात माझ्यावर फुलांऐवजी तीच घालावी. मात्र विद्युतदाहिनीपाशी ती काढून कस्तुराच्या हातात द्यावी. जाळू नये. तिने ती धुऊन थंडीत पांघरावी.

वरील मजकूर वाचून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सुहासिनी श्रीधर खांबेटे

आमच्यादेखत सही झाली:
डॉ. सुखदा मोघे, निगडी
लक्ष्मणराव येळवंडे, शेजारी

निगडी, ९ जानेवारी २०२५