दादाची हमी

४ मार्च, मंगळ.
ऑफिसात असताना सुनंदाताईंचा फोन. तुरुंगातून सुटलेल्या आमच्या पारधी लोकांना गावात परत बसवायचं काम त्यांची संस्था करते. दादा सुटला. सात वर्षं. जबरी चोरी. केली होती, मला ठाऊक आहे. आता गाव त्याला वस्तीवर राहू देत नाही. रविवारी बैठक. "घरातल्या शिकलेल्या माणसाने हमी घेतली तर ऐकतील. व्हिडिओवर या, पाच मिनिटं."
म्हटलं, बघतो.
इकडे परदेशात आमच्या घरी सासू-सासरे आलेत, मेपर्यंत. त्यांना वाटतं मी त्यांच्याच जातीचा, मागे कोणी नसलेला. केतकीला लग्नाआधीपासून सगळं माहीत.

७ मार्च, शुक्र.
एस-बान, म्हणजे इथली लोकल, बंद. उंटरश्लाइसहाइमच्या ऑफिसातून बस बदलत बदलत घरी.
जेवताना सासरे पुण्यातल्या सोसायटीतली चोरी सांगत होते. "पारधी असणार. रक्तातच असतं त्यांच्या."
मी त्यांना वरण वाढलं. वर तूपही. केतकी माझ्याकडे बघत राहिली.
मला आश्रमशाळेत सोडलं की दादा कुंपणाबाहेर संध्याकाळपर्यंत बसून राहायचा. मी रडतो का बघायला.

९ मार्च, रवि.
घरात नको म्हणून खाली गाडीत बसून कॉल जोडला. दादा लिंबाखाली, सगळ्यांपासून लांब, जमिनीवर. केस पांढरे. मला बघून हसला. पुढचे दोन दात नाहीत.
सरपंच म्हणाले, "तुम्ही याचे कोण?"
तेवढ्यात काचेवर टकटक. सासरे, आमच्या सईला श्पीलप्लात्सवर खेळायला नेत होते. "पापा, कॉम!" ये ना म्हणून सई ओरडली. मी हात हलवला. ते पुढे गेले. काच बंद होती, कानात इअरफोन होते, त्यांना काही ऐकू जाणार नव्हतं. तरी मी म्हणालो,
"संस्थेला मदत करतो मी. नातं नाही."
दादा उठून उभा राहिला. "बरोबर हाय. सायेब आमचे कोनी न्हाईत."

१० मार्च, सोम.
गाव नाही म्हणालं. दादा संस्थेच्या खोलीत. जेवत नाही, ताई सांगत होत्या.
केतकीला म्हटलं, तुझ्या बाबांमुळे झालं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. थांबली नाही. "माझ्या बाबांवर ढकलू नकोस. मी त्यांना कधीच सांगितलं असतं. तूच दर वेळी म्हणालास, आत्ता नको."
गेनाऊ. अगदी तसंच.

१४ मार्च, शुक्र.
सुट्टी टाकली. नाश्त्याला सांगून टाकलं. पारधी आहे, भाऊ आहे, तुरुंगातून आलाय.
सासूबाईंनी सईला मांडीवर ओढलं. सासऱ्यांनी तोंडातला घास संपवला. मग एवढंच विचारलं, "लग्नाच्या वेळी पत्रिका दिली होतीत, ती कोणाची?"
"हॉस्टेलमधल्या मित्राची."
दुपारी दोघं परतीचं तिकीट अलीकडचं मिळतं का बघत होते.

१५ मार्च, शनि.
सुनंदाताईंना फोन. म्हटलं, परत बैठक लावा, सख्खा भाऊ आहे, सांगतो मी.
त्या म्हणाल्या, "दादा गुरुवारी सकाळीच निघून गेले. कुठे ते बोलले नाहीत. जाताना तुमच्याबद्दल म्हणाले, त्याला कळवू नका. सुखात राहू द्या."
सोमवारच्या विमानाचं बुकिंग केलं. केतकी येते म्हणाली नाही, जाऊ नकोस असंही नाही. पुण्याला पोचल्यावर आधी वस्तीवर, की पोलीस ठाण्यात, की