मेहुण्यांच्या आवाजातले प्रेमवीर

आदरणीय मेहुणे क्सावेरीदादा यांस,

तारनूवहून हिएरोनिमचा टोपी काढून नमस्कार. (टोपी डोक्यावर नव्हतीच, पण पत्रात काढावी लागते.) तुमचा घसा कसा आहे? वॉर्सातल्या थंडीत मफलर गुंडाळून फिरता ना? ही चौकशी मी प्रेमाने करतोय असा गैरसमज नको. टीव्हीवरच्या परदेशी सिनेमांतल्या सगळ्या पात्रांचे संवाद एकट्याने पोलिशमध्ये वाचायला या देशाला तुमच्याखेरीज दुसरा घसा सापडत नाही, म्हणून करतोय. माझे गुडघे बरे आहेत. ब्रोन्याचे डोळे मात्र बरे नाहीत. मधलं दिसत नाही, फक्त कडेकडेचं दिसतं. म्हणजे सिनेमातला नायक दिसत नाही, त्याच्या मागचं कपाट दिसतं. (हल्लीचे नायक पाहता यात फारसं नुकसान नाही, असं मी तिला सांगतो.) डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकलं तरी पुष्कळ. पण तुमची बहीण रविवारचा सिनेमा सोडायला तयार नाही. म्हणते, दिसायचं राहिलं तरी ऐकायचं राहू नये. आता ऐकण्याजोगं हल्ली काय असतं, हे तुम्हीच सांगा.

घरी टीव्हीवर पाहतो ते सगळं तुमच्याच कृपेने. मागे तो समुद्री चाच्यांचा सिनेमा लागला होता. कप्तान बुडताना बेंबीच्या देठापासून ओरडतोय, आणि त्याच्यावरून तुम्ही ‘वाचवा’ असं म्हणताय, जसं काही क्राकूवची गाडी उशिरा येणार असल्याची स्टेशनवरची सूचना. मग नायिका म्हणते, तुझ्यावाचून मी जगू शकत नाही. तेही तुम्हीच. कप्तान म्हणतो, मीही. तेही तुम्हीच. त्यानंतर भुताचा सिनेमा पाहिला. मागे भूत किंचाळतंय आणि पुढे तुम्ही थंडपणे सांगताय की मी तुझं रक्त पिणार आहे. ब्रोन्या शेजारी बसून काकड्या चिरत होती, एकदासुद्धा दचकली नाही. मला सांगा, लग्न झाल्यापासून जी बाई जगातले यच्चयावत प्रेमवीर स्वतःच्या सख्ख्या भावाच्या तोंडून ऐकत आली, तिने प्रेमाबद्दल काय मत करून घ्यावं?

थिएटरात तर तुम्हीही नसता. तिथे पडद्यावर खाली भाषांतराची अक्षरं पळतात, आणि ती ब्रोन्याला दिसत नाहीत. अक्षरांशिवाय हवा तर आपला पोलिश सिनेमा आहे म्हणा. गेलो त्यालाही. भला मोठा राजा, भली मोठी लढाई, घोडेच घोडे, आणि सगळे सरदार मिशीत पुटपुटणारे. एक शब्द कळेल तर शपथ! (घोडे तेवढे स्वच्छ खिंकाळत होते.) मग लहान मुलांचं कार्टून उरलं, कारण तेवढ्याचे संवाद थिएटरात नीट पोलिशमध्ये बोलतात. अस्वलांचं होतं. अस्वलं गातात, अस्वलं रडतात, शेवटी अस्वलं एकमेकांना माफ करतात. आमच्या मागच्या पोराने आईला विचारलं, “हे आजी-आजोबा एकटेच का आलेत? यांचं मूल हरवलं का?” अस्वलांचं नाव यापुढे माझ्यासमोर काढायचं नाही.

शेवटी ब्रोन्याच्या नामदिनाच्या सणाला मी तिला हट्टाने फ्रेंच सिनेमाला नेलं. दुपारचा, पेन्शनरांचा खेळ. म्हटलं, अक्षरं मी वाचीन, तिच्या कानात. त्यात काय मोठंसं? क्सावेरीला जमतं तर मला का नाही? सिनेमा असा की एक बाई आणि एक पुरुष समुद्राकडे बघत बसलेत आणि समुद्र त्यांना कंटाळलाय. मी वाचू लागलो. पुढची बाई गर्रकन वळली. “अहो, इथे काय प्रार्थना चालू आहे का?” तेवढ्यात मागून एक म्हातारबुवा म्हणाले, “वाचू द्या हो बाई, मीही चष्मा विसरलोय. जरा मोठ्याने होऊ द्या, साहेब!” मग काय, सगळीकडून मोठ्याने, मोठ्याने! अर्ध्या थिएटरचा चष्मा घरी राहिला होता. मी खणखणीत आवाजात वाचत सुटलो. खरं सांगतो, तुमच्यापेक्षा बरं वाचत होतो.

आणि मग तो फ्रेंच गाढव समुद्राकडची मान वळवतो आणि बाईला म्हणतो... जे यच्चयावत प्रेमवीर म्हणतात ते म्हणतो. अक्षरं खाली स्पष्ट होती. मी वाचायचा थांबलो. ब्रोन्याने हात दाबून विचारलं, “काय म्हणाला रे?” मी म्हटलं, वारा सुटलाय म्हणतोय. पडद्यावर बाई ढसाढसा रडायला लागली. ब्रोन्या म्हणाली, “वारा सुटला म्हणून एवढी?” आणि ज्यांचे चष्मे शाबूत होते ते ओरडले, “खोटं वाचतोय हा!” तिकिटं फाडणाऱ्या बाईंनी विजेरी रोखली आणि आम्हाला बाहेर काढलं. एकंदरीत सिनेमा भिकार होता.

घरच्या सगळ्यांना नमस्कार. घसा सांभाळा.

आपला,
हिएरोनिम

ता. क. चौकशी करायची ती राहिलीच. ते वाक्य इतकं कोरडं कसं म्हणता हो तुम्ही? मी आंघोळीच्या वेळी नळ सोडून म्हणून पाहिलं. कोरडं येत नाही, गळा भरतो. एखाद्या रविवारी येऊन शिकवाल का? फोनवर सांगू नका, फोन ब्रोन्या उचलते.

ता. क. २. शिकवणं जमत नसेल तर स्वतः येऊन थिएटरात आमच्यामध्ये बसा आणि वाचा. जेवायला पिएरोगी करू. ती अंधारात बसून वाट बघते हो, आणि मला ते बघवत नाही.

ता. क. ३. येऊ नका. तुम्हाला बोलावतोय हे ब्रोन्याला सांगितलं. म्हणाली, “दादाला कशाला त्रास? तो कधीच अडखळत नाही. तू कुठे थांबतोस तेच ऐकायला मी येते.” पुढच्या रविवारी एक इटालियन सिनेमा लागतोय. तोही भिकार असणार.